काचेवरचं कुंकू

मंगळवारी सकाळी माझा नवरा कामावर गेला. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. मी टॅक्सीने गेले. त्याच्या विभागातल्या एका डॉक्टरने मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा सासूबाई पॅसेजमध्ये उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं.

समोरच्या भिंतीवर चित्र होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं आणि हात जोडले. मग त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या, मी त्यांच्या शेजारी बसले. त्या घरात आम्ही दोघी अशा शेजारी शेजारी पहिल्यांदाच बसलो असू.

त्या चित्राबद्दल लिहायचं ठरवून मी बसले आहे. पण ते त्याच्याशिवाय लिहिता येत नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

तो भूलतज्ज्ञ होता. माणसांना झोपवायचं आणि नीट परत आणायचं, हे काम त्याने नॉटिंगहॅममध्ये आयुष्यभर केलं. घरी त्याला एकच नाद होता: जपानी लाकडी ठशांची चित्रं. त्यातही डोंगर, लाटा, पूल यांत त्याला रस नव्हता. त्याला हव्या असत त्या एडो शहरातल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, नामांकित गणिका. दोनएकशे वर्षांपूर्वी त्या शहराच्या कडेला भिंत घालून वसवलेली एक वस्ती होती. तिथल्या सर्वांत मोठ्या गणिकांची चित्रं शहरभर विकली जात, आपल्याकडे नटीची पोस्टरं विकली जायची तशी. त्यांनी केस कसे बांधले, वस्त्रावर काय भरलं, यावर शहरातल्या घरंदाज बायकांची फॅशन ठरायची.

पहिलं चित्र आम्हाला केंब्रिजमध्ये मिळालं. लग्न नवं होतं, त्याचं ट्रेनिंग चालू होतं. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी इतका वेळ लावला की कंटाळून तो मागच्या खोलीत गेला आणि हातात एक चित्र घेऊन बाहेर आला.

"ही बाई बघ," तो म्हणाला. "हिला भूल दिलेली नाही, पण ही पूर्ण जागीही नाही. असा चेहरा मी रोज बघतो आणि मला तो कधी कुणाला सांगता आला नाही."

"ही कोण आहे?"

"ते तू शोध. तुझं एम.ए. संस्कृत आहे."

"हे जपानी आहे."

"मग काय झालं? वाचायचंच आहे ना?"

आमची कामाची वाटणी त्या दिवशी ठरली. तो बघायचा, मी वाचायची. मला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी मिळाली, आणि दुपारच्या सुट्टीत मी चित्रांच्या कोपऱ्यातली अक्षरं लावायला शिकले. चित्रकाराची सही, प्रकाशकाचा शिक्का, सरकारी तपासनिसाचा शिक्का. ठसा कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव बहुतेक चित्रांवर नसतंच. गणिकेचं नाव मात्र ठळक असतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे येईल.

चित्रं आम्ही सपाट खणांत ठेवायचो, अंधारात. या चित्रांचा वैरी उजेड. त्यांतला लाल रंग करडईच्या फुलांचा असतो. तीच आपली करडई, फक्त आपण तिचं तेल काढतो आणि त्यांनी रंग काढला. तो रंग उन्हाला टिकत नाही. म्हणून एका वेळी एकच चित्र पॅसेजमध्ये लावायचं, आणि वर्षातून ज्या दोन रविवारी या देशात घड्याळं मागेपुढे करतात, त्या रविवारी ते बदलायचं, असा आमचा नेम होता. तो शिडीवर चढून आधी घड्याळ फिरवायचा, मग चित्र.

सासरे गेल्यावर सासूबाई मालवणहून आमच्याकडे आल्या आणि हा नेम मोडला.

त्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून देवघर शोधत खाली उतरल्या. देवघर स्वयंपाकघरातल्या एका कपाटात होतं, ते त्यांना दिसलं नाही. पॅसेजमध्ये चित्र होतं, ते दिसलं. केंब्रिजमध्ये मिळालेलं, तेच. मधोमध एक भव्य बाई, तिच्या अंबाड्यातून दोन्ही बाजूंना केसांत खोवायच्या, कासवाच्या कवचाच्या काट्यांची किरणं निघालेली, प्रभावळीसारखी. अंगावर लाल भरजरी वस्त्र, त्यावर लांब शेपटीचा पक्षी. दोन्ही बाजूंना एकसारख्या कपड्यातल्या दोन छोट्या मुली. चवऱ्या ढाळायला उभ्या असाव्यात तशा.

नवरा ब्रश तोंडात घालून जिन्यात आला, तेव्हा त्या हात जोडून उभ्या होत्या.

"जपानची देवी काय रे ही?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंडात फेस होता. "हो आई," तो म्हणाला.

"मोर आहे वस्त्रावर. म्हणजे सरस्वती."

"जपानमध्ये सरस्वतीची पूजा करतात, हे खरं आहे," मी म्हणाले. हे खरंच आहे, पण त्या वेळी ते बोलायला नको होतं, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं.

"आणि बघ, ओठ जरा उघडे आहेत, दात काळे. दातवण लावलंय हिने. माझी आजी लावायची. पूर्वी सवाशिणीच लावायच्या."

रविवारी सांगू, असं तो म्हणाला. रविवार आला, तोवर त्यांनी पॅसेजमधलं चपलांचं कपाट हलवून घेतलं होतं. "देवीच्या पायाशी तुमचे बूट? लाज वाटत नाही?" मग शुक्रवार आला. त्यांनी हळद-कुंकवाचा करंडा घेतला, दूधसाखरेची वाटी ठेवली आणि चित्राच्या काचेवर हळद-कुंकू लावलं. त्या बुटक्या, आणि फ्रेम लावलेली माझ्या उंच नवऱ्याच्या नजरेच्या पातळीला. कपाळापर्यंत हात पोचेना, म्हणून त्यांनी पायांशी लावलं, लाल वस्त्राच्या काठावर.

घड्याळ फिरवायचा रविवार आला तेव्हा तो शिडी घेऊन चित्र काढायला गेला. त्या स्वयंपाकघरातून आल्या. "काय करतोस?"

"जरा खणात ठेवतो आई. उजेडाने खराब होतं."

"देवीला खणात घालतोस? मग मलाही घाल."

तो शिडीवरून उतरला. त्या दिवसापासून ते चित्र भिंतीवरून हललं नाही. दाराच्या वरच्या काचेतून रोज सकाळी पॅसेजमध्ये ऊन यायचं आणि सरळ तिच्यावर पडायचं. नॉटिंगहॅमचं ऊन ते, पण वर्षांनुवर्षं पडलं. लाल वस्त्र आधी गुलाबी झालं, मग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. आम्हाला ते दिसत होतं. तो म्हणायचा, "राहू दे. हिला इतकं कुणी मानलं नसेल कधी." मी काच पुसायची, कुंकवाच्या ठिपक्याला सोडून, कारण देवीचं कुंकू पुसायचं नाही असं मला बजावलं होतं. थरावर थर चढून तो ठिपका बोराएवढा झाला, वाळलेला, जाड.

आमच्या मुलीला सगळं माहीत होतं. ती इथेच जन्मली, वकील आहे, लंडनला ईलिंगमध्ये राहते. लहान असताना तिने एकदा विचारलं होतं, "आजीचा देवी म्हणजे अ‍ॅक्च्युअली सेलिब्रिटी आहे, हो ना बाबा?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून त्या दोघांत चित्रातल्या बाईचं नाव "आजीचा देवी" असंच, चुकीसकट, पडलं.

तो गेला त्या वर्षीच शहरातल्या एका गॅलरीने आमची चित्रं मांडायचं ठरवलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये. उद्घाटनाला तो बोलणार होता. मजकूर मी लिहिला होता आणि तो स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभा राहून सराव करायचा. त्याचा एकच हट्ट होता: आत शिरल्या शिरल्या पहिली दिसायला हवी ती पॅसेजमधली. "घरी येताना जशी दिसते, तशी. ही नसेल तर बाकीच्या नकोत."

जानेवारीत गॅलरीची क्युरेटर घरी आली. तरुण इंग्रज मुलगी, फार सभ्य. आधी तिने दुःख व्यक्त केलं, मग खणांतली चित्रं एकेक करून पाहिली आणि तिचे डोळे चमकले. शेवटी पॅसेजमध्ये येऊन ती पहिल्या चित्रापुढे उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. इंग्रज माणूस बराच वेळ बोलत नाही तेव्हा त्याचं उत्तर 'नाही' असं असतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळतं.

"हे जरा उडालंय," ती म्हणाली. "लोकांसमोर मांडण्यासारखं आहे का, बघावं लागेल. आणि प्रदर्शन पुढे ढकलायचं असेल तर तसं सांगा. किंवा लंडनहून एखाद्या प्राध्यापकांना बोलायला बोलावता येईल. तुमच्यावर काही दडपण नाही."

मी म्हणाले, विचार करून सांगते. विचार मी करत नव्हते. लायब्ररीतून घरी यायचं आणि कोट न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर चित्राकडे तोंड करून बसायचं, एवढंच माझं चाललं होतं. चार माणसांत मी कधी बोललेली नव्हते. प्राध्यापक बरे, असं मला वाटायचं. आणि मग फ्रिजसमोर उभा असलेला तो दिसायचा.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू डबा घेऊन आल्या. त्या महिन्यांत त्यांनी खूप डबे आणले, ते मी विसरणार नाही. चहा झाला. पॅसेजमध्ये कोट घालताना त्या म्हणाल्या, "ऐकलं की प्रदर्शन करताय एप्रिलमध्ये."

"अजून ठरलं नाही."

"नाही, म्हणजे वर्षाच्या आत? उद्घाटन, वाइन, टाळ्या... आपल्यात बरं दिसत नाही गं. तू उभी राहणार तिथे, लोक बघणार. आणि चित्रं तरी कसली, तसल्या बायकांची."

जिन्याच्या वरच्या टोकाला क्लिक असा आवाज झाला. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून आम्ही जिन्याला सरकती खुर्ची बसवली होती. ती घरघरत, अतिशय सावकाश उतरते आणि तिला घाई करता येत नाही. कार्डिगन, शाल आणि मांडीवर पर्स अशा थाटात सासूबाई त्या खुर्चीतून खाली यायला लागल्या.

"कसल्या बायकांची?" त्या वरूनच म्हणाल्या.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे. खुर्ची घरघरत होती. आम्ही दोघी वर तोंड करून उभ्या, आणि सासूबाई इंचाइंचाने उतरत होत्या, दोघींवर नजर रोखून. इतका लांब जिना मी पाहिला नव्हता. खुर्ची खाली टेकली, त्यांनी पट्टा सोडला.

"मी विचारलं काहीतरी."

मग मी सांगितलं. ही देवी नाही. ही गणिका होती. आपल्याकडच्या कलावंतिणीसारखी. तुमच्या मुलाला तुमचं मन मोडवेना, म्हणून त्याने सांगितलं नाही. हे सांगताना माझा आवाज कापला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्या काठी टेकत चित्रापुढे गेल्या आणि वर पाहत राहिल्या.

"लग्न नव्हतं झालेलं हिचं?"

"नाही आई. होऊच शकत नव्हतं."

"म्हणजे हिचा नवरा मरायचा प्रश्न नाही."

त्या काकूंकडे वळल्या.

"आमच्या गावी देवळात भावीण होती. देवाशी लग्न लागलेलं. गावातलं कुठलंही लग्न असो, नवरीला पहिलं कुंकू तिने लावायचं. का? तर ही कधी विधवा व्हायची नाही. हिचा नवरा देव, तो कसला मरतोय! कुंकू लावून झालं की तिला पंगतीत बसवायचे नाहीत. मागच्या दाराशी पान वाढायचे. मी लहान होते, मी विचारलं आईला, ही जर एवढी शुभ, तर मागच्या दाराशी का? आईने माझ्या पाठीत धपाटा घातला." त्यांनी काठी फरशीवर आपटली. "आणि हिला मी माझ्या मुलाच्या घरात पुढच्या दाराशी ठेवली. चुकून का होईना."

"तसं नाही हो आजी, मी आपलं लोक काय म्हणतील..." काकू म्हणाल्या.

"लोक काय म्हणायचे ते म्हणू देत. मुलगा माझा गेला. वर्ष मी धरते, मला धरता येतं, मला कुठे जायचंय? माझी सून कशाला दोघींचं धरील?" आणि माझ्याकडे न बघताच मला म्हणाल्या, "तू हिला घेऊन जा गो. आणि दुसऱ्या कुणा परक्याला बोलायला लावू नको. त्याचं बोलणं तूच लिहिलंस ना? भिंतीतून ऐकू यायचं मला."

काकूंनी कोटाची बटणं लावली. दारात त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "किती वाजता आहे ते कळव."

मी क्युरेटरला फोन केला आणि सांगितलं, प्रदर्शन एप्रिलमध्येच, बोलणार मी, आणि पहिलं चित्र तेच. ती म्हणाली, "निदान फ्रेम उघडून बघू या. माझी खात्री पटली नाही तर मी तुम्हाला स्पष्ट सांगेन." मला ते आवडलं.

ते चित्र मी स्वतः नेलं, मांडीवर घेऊन, मुलगी गाडी चालवत होती. गॅलरीच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं. क्युरेटरने हातमोजे घातले, मागचे खिळे काढले, काच उचलून बाजूला ठेवली. चित्र इतक्या वर्षांनी काचेविना माझ्यापुढे आलं. कागद पिवळट, वस्त्र बिस्किटी. तिने चित्रातल्या बाईच्या कॉलरवर दिवा तिरका धरला, तेव्हा पांढऱ्यावर पांढरं, रंगाशिवाय दाबून उठवलेलं नक्षीकाम दिसलं. ते आम्ही विसरूनच गेलो होतो.

मग ती खाली वाकली आणि म्हणाली, "ओह."

वस्त्राच्या काठावर एक लाल डाग होता. बोराएवढा.

"इथे काही गळलंय का आत?"

मुलगी म्हणाली, "आई, आजीचं कुंकू." मला वाटलं, संपलं. काचेच्या कडेतून झिरपलं असणार, शुक्रवारमागून शुक्रवार, आणि आम्ही हसत राहिलो. पहिलं चित्र, त्याचं चित्र, आमच्याच हाताने घालवलं.

क्युरेटरने भिंग लावलं. ती वाकून बघत राहिली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. तिने बाजूला ठेवलेली काच उचलली, चित्रावर अंतर ठेवून धरली, पुन्हा खाली ठेवली. मग सरळ उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"हा डाग नाही," ती म्हणाली. "हा रंग आहे. मूळचा. बाकी सगळ्या चित्रावर ऊन पडलं, इथे नाही पडलं. काचेवरच्या त्या... त्या थराने अडवलं." तिने माझा हात धरला, हातमोज्यासकट. "इतका ताजा करडईचा लाल मी आजवर बघितलेला नाही. हे चित्र छापून निघालं त्या दिवशी कसं होतं, ते इथे दिसतंय."

मुलगी रडायला लागली. मी नाही. मी भिंगातून बघत होते. तो लाल कुंकवासारखा नव्हता. कुंकू त्याच्यापुढे मातकट वाटलं असतं. आत उजेड पेटवल्यासारखा तो रंग होता, आणि कडेला हळूहळू मावळत बिस्किटात मिसळत होता.

मी तिथूनच घरी फोन लावला. "आई, तुम्ही लावायचात ना, त्या कुंकवाखाली तिचा रंग राहिलाय. बाकी सगळा उडाला, तेवढाच राहिला."

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "कुंकू कशासाठी लावतात?"

एप्रिलमधल्या त्या संध्याकाळी गॅलरी भरली. त्याच्या विभागातले डॉक्टर आले, नर्स आल्या. लायब्ररीतले लोक आले. मंडळातल्या बायका आल्या, झाडून सगळ्या, रेशमी साड्या आणि वर कोट, आणि काकू सर्वांत पुढे, चिवड्याचा डबा घेऊन, तो दारावर ठेवून घ्यावा लागला. दारातून आत शिरलं की समोर ती होती. शेजारी काचेच्या पेटीत दुसरी काच ठेवली होती: आमची जुनी, कुंकवाच्या ठिपक्यासकट. ती कल्पना क्युरेटरची. सासूबाई चाकाच्या खुर्चीतून त्या पेटीपाशी गेल्या, वाकून आपल्या बोटाचा ठसा ओळखला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे माझं बोट आहे. फुकट बघायला मिळतंय, बघून घ्या."

मी बोलले. कागद हातात होता, त्याच्याकडे पाहायची गरज पडली नाही. मी म्हणाले, चित्रावर जे नाव आहे ते हिचं नाही. ते त्या घराचं. एक गणिका गेली की तेच नाव पुढचीला द्यायचे. हिला आई-बापांनी काय हाक मारली, ते कुणीही लिहून ठेवलेलं नाही. म्हणून आमच्या घरात तिचं ते नाव आम्ही कधी वापरलं नाही. मी म्हणाले, शेजारच्या दोन मुली शोभेला नाहीत, त्याही विकलेल्या आहेत, हीसुद्धा त्याच वयात विकलेली असणार. हे सगळं वैभव तिच्या डोक्यावरचा बोजा होता. चित्र ही जाहिरात आहे. आणि तरी कुणीतरी बसून तिच्या पांढऱ्या कॉलरवर पांढरं नक्षीकाम उठवलं, जे समोरून दिसतसुद्धा नाही. ते कुणासाठी केलं, मला माहीत नाही. माझा नवरा म्हणायचा, तिच्यासाठी.

मग मी आमच्या पॅसेजमधली गोष्ट सांगितली. देवीची, चपलांच्या कपाटाची, खणात घालायची. लोक हसले. डॉक्टर इतके हसले की मला कळलं, तो त्यांच्यात किती लाडका होता. शेवटी मी ठिपका दाखवला आणि म्हणाले, या बाईला उभ्या आयुष्यात ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांनी काहीतरी हवं म्हणून पाहिलं. एका बाईने मात्र तिच्याकडे काही न मागता तिच्या पायांना हात लावला. तेवढीच जागा उडाली नाही.

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. लोक रांग लावून वाकून त्या लालाकडे बघत होते. मी उभी होते, लोक मला बघत होते, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी आनंदात होते. हे लिहायला मला वेळ लागला, पण तसं होतं.

सासूबाईंनी पर्समधून करंडा काढला तेव्हा क्युरेटर धावत आली. "प्लीज, आत नको. इथे कागद आहेत." ती हसत होती, पण तिने ऐकलं नसतं. म्हणून आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर गेलो. अजून उजेड होता. सासूबाई खुर्चीत, करंडा मांडीवर. ज्या येतील त्यांना त्या कुंकू लावत होत्या, विचारपूस न करता. काकूंना लावलं. आयर्लंडच्या एका थोराड नर्सला लावलं. नंतर आलेल्या क्युरेटरला लावलं. रांगेत कुणीतरी मला पुढे ढकललं. मी थांबले.

"डोकं खाली घे," त्या म्हणाल्या. "माझा हात पोचत नाही. तुम्हाला सगळ्यांना उंच राहायची भारी हौस."

मी वाकले. त्यांच्या बोटाला हळदीचा वास होता. मग मी करंडा घेतला आणि त्यांच्यापुढे धरला.

"मला नको. सवय नाही राहिली."

"आई."

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. काकू अगदी शेजारी उभ्या होत्या.

"लावा हो आजी," काकू म्हणाल्या. "मी कुणाला नाही सांगणार."

"तू? तू घरी पोचायच्या आत पुण्याला फोन करशील." त्यांनी डोळे मिटले. "लाव. पण बारीक."

प्रदर्शन संपलं. चित्रं परत आली आहेत आणि खणांत आहेत. तीही आता खणात आहे. त्याला सासूबाईंनी हरकत घेतली नाही. पॅसेजमध्ये जुनी फ्रेम आहे, तिच्यात जुनी काच आहे, काचेवर ठिपका आहे, मागे कोरा कागद आहे. घड्याळ फिरवायला शिडीवर मी चढते. शुक्रवारी सासूबाई करंडा घेऊन येतात. तो नाही. आम्ही दोघी आहोत.